हलूनकाबाई

१

ऑफिसात तिला सगळे हलूनकाबाई म्हणत. पाठीमागेच म्हणत, पण ती काही बहिरी नव्हती. तिला रागही येत नसे. "आपला पगारच 'हलू नका' या दोन शब्दांचा आहे," असं ती हसून म्हणायची.

वय वाढतं तसा मेंदूतला पांढरा भाग कसा बदलत जातो, याची एक मोठी पाहणी त्या केंद्रात वर्षानुवर्षं चालली होती. करडा भाग विचार करतो आणि पांढरा भाग त्याचे निरोप इकडून तिकडे पोचवतो, असं मॅडम नव्या माणसांना समजावून सांगत. मॅडम म्हणजे या पाहणीच्या प्रमुख. वय झालं की निरोपांच्या वाटा झिजतात. किती झिजतात, कुठे झिजतात, ते बघायला तीच ती माणसं ठरावीक वर्षांनी येत, मशीनच्या अरुंद बोगद्यात पाठीवर पडून राहत, आणि हलूनकाबाई काचेच्या अलीकडे बसून त्यांच्या डोक्याची चित्रं काढी.

या चित्रांची एक खोड होती. पांढऱ्या भागातलं पाणी कसं सरकतं त्यावरून वाट शाबूत आहे की झिजली, ते कळतं. इतकी बारीक हालचाल मोजायची तर डोकं जरासुद्धा हलून चालत नाही. म्हणून तिच्या पडद्यावर खाली एक हिरवी रेघ धावत असे. डोकं किती हललं, ते ती रेघ सांगे. जिवंत माणसाची रेघ कधी सरळ नसते. श्वासाच्या लाटा असतात, मध्येच गिळलेला आवंढा असतो. अगदी सरळ रेघ दिसे ती फक्त सकाळी, मशीन ठीक आहे ना हे बघायला पाण्यानं भरलेला प्लास्टिकचा गोळा आत ठेवत तेव्हा. गोळा हा तिचा सगळ्यात लाडका पाहुणा होता. कुरकुर नाही, खोकला नाही, "अजून किती वेळ" नाही.

आणि सगळ्यात नावडता पाहुणा तिच्याच घरचा. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. तिचे सासरे अण्णा पाहणीच्या पहिल्या वर्षापासून येत होते. तिनंच आग्रह करून त्यांचं नाव घातलं होतं. जन्मभर शिंपीकाम केलेला माणूस. नजर अधू झाली, दुकान बंद झालं, पण पायमशीन चालवणारी टाच काही थांबली नाही. खुर्चीत टाच, जेवताना टाच, झोपेतसुद्धा टाच. टक टक टक, मग कापड वळवायला घ्यावी तेवढी उसंत, मग पुन्हा टक. त्या टाचेपायी मागची दोन चित्रं पार फिसकटली होती. तिसरंही गेलं तर नाव कटणार होतं, आणि आधीची सगळी चित्रंही वाया जाणार होती.

"एकदा अजून घेऊन या त्यांना," मॅडम म्हणाल्या होत्या. त्या बोलल्या प्रेमानंच, पण तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

२

मग तिनं घरीच शिकवणी सुरू केली.

दुपारी अण्णांना त्यांच्या खाटेवर झोपवायचं, कपाळावरून एक चिकटपट्टी खाटेच्या दोन्ही कडांना लावायची आणि फोनवर मशीनचा धडधडाट लावून द्यायचा. डोकं हललं की पट्टी कातडीला ओढ देते आणि माणसाला आपोआप कळतं. अण्णांनी पहिले काही दिवस नुसती धमाल उडवली.

"सासऱ्यानं सुनेला धाकात ठेवायचं, तर आमच्याकडे सून सासऱ्याला खाटेला बांधून ठेवते," ते म्हणायचे.

"अण्णा, बोलू नका. आणि टाच हलतेय. टाच हलली की डोकं हलतं."

"अगं, ती मी हलवत नाही. ती तिची हलते."

"मग तिला सांगा की."

एके दिवशी ते हसले नाहीत. पट्टी लावून घेतली आणि छताकडे बघत म्हणाले, "हलणं सुरू कुठून होतं, ते आधी शोधायला पाहिजे. दोऱ्याचं टोक सापडल्याशिवाय गुंता सुटत नाही."

त्यानंतर ते दुपारी आपले आपणच सरावाला पडायला लागले. तिनं न सांगता, पट्टी न लावता. ती दारातून डोकावून जायची. एकदा तिला ते इतके निपचित वाटले की ती आत जाऊन हाक मारणार, तोच त्यांनी डोळे उघडले.

"जमलं," ते म्हणाले. "पायमशीनचा पट्टा चाकावरून उतरवला की पाय कितीही मारा, सुई हलत नाही. तसंच आहे हे. आत एक चाक असतं. त्याच्यावरनं पट्टा उतरवून ठेवायचा."

"आत म्हणजे कुठे?"

"ते कसं सांगू? आत."

त्या रात्री जेवताना तिचा नवरा घास हातात धरून थांबला. "घरात काहीतरी बंद पडलंय का गं?" त्यानं विचारलं. दोघांनी उठून फ्रिज बघितला, पंखे बघितले. सगळं चालू होतं. बऱ्याच वेळानं तिच्या लक्षात आलं, की अण्णांची टाच वाजत नव्हती.

तेव्हा तिला आनंद झाला होता. तिनं नवऱ्याला टाळीसुद्धा दिली.

३

चित्राच्या दिवशी अण्णा ठेवणीतला सदरा घालून आले. तिनं त्यांना बोगद्यात सरकवलं, बाहेर येऊन काचेमागे बसली आणि माईकमध्ये आपले दोन शब्द म्हणाली. मशीन धडधडायला लागलं. हिरवी रेघ पडद्यावर आली आणि सरळ निघाली.

सिनेमात सरळ रेघ आली की नातेवाईक हंबरडा फोडतात. इथे सरळ रेघ म्हणजे आनंदाची गोष्ट, फक्त ती कुणाच्या नशिबी नसते. तिला वाटलं वायर निसटली असेल. चित्रांच्या मधल्या वेळात तिनं अण्णांचा बेड केसभर मागेपुढे केला. रेघेनं टुणकन उडी मारली. म्हणजे रेघ शाबूत होती.

"अण्णा, ठीक आहात ना?"

"झकास," स्पीकरमधून आवाज आला. "काळजी करू नकोस. पडलोय छान."

एवढं बोलायला जबडा हलतो आणि जबड्याबरोबर कवटीही हलते. आजवर जो जो आतून तिच्याशी बोलला त्याची रेघ करवतीसारखी झाली होती. अण्णा दोन वाक्यं बोलले आणि रेघेला सुरकुतीही पडली नाही. काचेपलीकडे बोगद्याच्या तोंडाशी त्यांचे पांढरे मोजे दिसत होते. तिनं नजर त्यांच्यावर ठेवली. पायही तसेच होते.

दुपारी मॅडमनी चित्रं उघडली आणि खुर्ची पुढे ओढली.

"हे अण्णांचं? मला वाटलं तुम्ही चुकून गोळ्याची फाइल दिलीत," त्या म्हणाल्या. मग एकेक चित्र मोठं करून बघत गेल्या. "वाटा किती स्वच्छ दिसताहेत बघा. म्हाताऱ्या माणसांत आपण झीज म्हणून जे मोजतो त्यातलं कितीतरी नुसतं हलणंच असणार. मला सगळ्यांचीच चित्रं अशी हवीत. हे त्यांनी केलं कसं?"

"सराव केला," ती म्हणाली.

४

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं नेहमीप्रमाणे गोळा आत ठेवला, काचेमागे येऊन बसली, आणि गोळ्याची रेघ श्वास घेत होती.

लाट वर जायची, क्षणभर थांबायची, खाली यायची. झोपलेल्या माणसाची येते तशी सावकाश लाट. तिनं काचेतून पाहिलं. गोळा आपल्या जागी होता. मशीन थांबवून ती आत गेली. गोळ्याभोवतीचे स्पंज चेपून बघितले. गोळ्यावर तळहात ठेवला आणि लगेच उचलला. तो गार होता, प्लास्टिकचा होता, स्थिर होता. हात का उचलला ते तिला सांगता आलं नसतं.

मशीनचा इंजिनियर आला. जाडजूड, थट्टेखोर माणूस. "सर्दी झालीय मशीनला," म्हणाला. त्यानं आधी लिफ्ट बंद ठेवून बघितली, मग थंड हवेचे पंप बंद ठेवून बघितले, बेडचे स्क्रू आवळले. लाट काही गेली नाही. शेवटी त्यानं आकडे तपासले आणि हात झटकले.

"मर्यादेत आहे. कसली तरी थरथर असणार, बिल्डिंग आहे शेवटी. इतक्या बारीक गोष्टी बघत बसाल तर वेड लागेल बाई."

तो गेल्यावर तिनं रेघ मोठी करून पाहिली. लाटांच्या अंगावर बारीक दाते होते. तीन दाते, मग कापड वळवायला घ्यावी तेवढी उसंत, मग पुन्हा एक.

तिनं स्वतःला समजावलं. इतकी वर्षं कानात बसलेला ठेका डोळ्यांना कुठेही दिसू शकतो. ढगात नाही का माणसांना काय काय दिसत? हे सगळं तिला पटलं, आणि तरीही तिनं पडद्याचा तो भाग कागद लावून झाकला. दिवसभर ती माणसांची चित्रं काढत राहिली. प्रत्येकाच्या रेघेत त्याची स्वतःची हालचाल होती, आणि तिच्याखाली आणखी एक.

५

घरी अण्णांचं तसं सगळं चालू होतं. उठत, चहा पीत, नातीच्या फोनला उत्तर देत. पण दोन गोष्टींच्या मध्ये ते थांबत. साधा माणूस थांबतो तेव्हाही खांदे वरखाली होत असतात, बोटं चाळवत असतात. अण्णा थांबत ते खाली ठेवलेल्या वस्तूसारखे. पहिल्यांदा काही क्षण, मग चांगला वेळ. एकदा चमचा तोंडाशी गेला आणि तिथेच राहिला. तिनं दोनदा हाक मारली तेव्हा तो पुढे गेला.

तिनं त्यांचं मनगट धरलं. हात गरम होता. नाडीचा एक ठोका लागला. दुसऱ्याची वाट बघता बघता तिला स्वतःच्याच छातीतले ठोके ऐकू यायला लागले. मग सावकाश, केव्हातरी, दुसरा आला.

घरच्या डॉक्टरांनी तपासून पाठ थोपटली. "नाडी संथ आहे, पण माणूस शांत आहे. या वयात इतकं स्वस्थ राहता आलं तर आणखी काय हवं?" नवऱ्यानंही तेच धरून ठेवलं. त्याला बिचाऱ्याला वडिलांत काही वावगं दिसूच द्यायचं नव्हतं.

एका दुपारी तिनं सरळ विचारलं. "अण्णा, टाच का बंद ठेवलीत?"

"तूच ना बंद करायला सांगितलीस?"

"मशीनमध्ये, अण्णा. घरी कुठे सांगितली? तो पट्टा की काय तो चढवा बघू परत."

अण्णांच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहून गेलं.

"गेलो होतो चढवायला," ते म्हणाले. "दोनतीनदा गेलो. चाक सापडत नाही सूनबाई."

"सापडत नाही म्हणजे?"

"जिथं असायचं तिथं नाही. तुझ्या त्या बोगद्यात पडल्यापडल्या पट्ट्याबरोबर चाकच काढून ठेवलं होतं. तिथंच राहिलं असणार." चष्मा कुठेतरी विसरून आल्यासारखं ते बोलत होते. मग तिचा चेहरा बघून त्यांनी तिलाच धीर दिला. "घाई नाही गं. जाशील तेव्हा बघ."

ती स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला धरून उभी राहिली. आता तिला उघड उघड भीती वाटत होती. भुताखेताची नव्हे, एक दिवस चमचा तोंडाशी थांबेल आणि कितीही हाका मारल्या तरी पुढे जाणार नाही, याची. आणि त्यांना हे तिनं शिकवलं होतं.

६

त्याच आठवड्यात ती एक चित्र संपवून पुढच्या माणसाला बोलवायला बाहेर आली तर प्रतीक्षा खोलीत चिटपाखरू नसल्यासारखी शांतता होती. खोली रिकामी असेल असं समजून तिनं दार उघडलं. सगळ्या खुर्च्या भरलेल्या होत्या.

म्हातारी माणसं नीट ओळीत बसली होती. कुणी खाकरत नव्हतं. मासिकं मांडीवर उघडी होती, पण पान कुणी उलटत नव्हतं. मधल्या खुर्चीत ठेवणीतला सदरा घालून अण्णा बसले होते.

"अण्णा! तुम्ही इथे कसे?"

कुणीच वळलं नाही. तिनं जोरात टाळी वाजवली. मग एकेक मान तिच्याकडे फिरली, सगळ्या एकाच वेगानं.

"तुमच्या मॅडमनी फोन केला होता," अण्णा म्हणाले. "मुलानं आणून सोडलं. म्हणाल्या, यांनाही शिकवा. हुशार आहेत सगळे. या बाई तर पटकन शिकल्या."

या बाई म्हणजे शेजारच्या खुर्चीतल्या निवृत्त शिक्षिका. एरवी आल्यापासून जाईपर्यंत त्यांची जीभ टाळ्याला लागत नसे. "फार बरं वाटतं हो," त्या हळूच म्हणाल्या. "उगीच जन्मभर हलत राहिलो."

ती तडक मॅडमच्या खोलीत गेली. काय सांगावं हे तिनं ठरवलंच नव्हतं, त्यामुळे जे तोंडाला आलं ते सांगितलं. गोळ्याची रेघ, दाते, चमचा, नाडी.

"तुमच्यावर माझा विश्वास नाही असं नाही," मॅडम म्हणाल्या. "पण मशीन बिघडलंय म्हणावं तर चित्रं इतकी स्वच्छ कशी? आणि बिघडलं नाही म्हणावं तर गोळा श्वास घेतोय म्हणायचं. यातलं मी काय मान्य करू, तुम्हीच सांगा."

"अण्णांना एकदा परत आत घेऊ द्या. एकदाच."

"ते तर मीच सांगणार होते. तसंच चित्र दुसऱ्यांदा निघतं का, ते बघायलाच हवं. परवा सकाळी घ्या." त्यांनी तिच्या हातावर हात ठेवला. "आणि नंतर चार दिवस रजा घ्या. दमलात तुम्ही."

दुसऱ्या दिवशी गोळ्याच्या रेघेत एक लाट दुसरीला छेद देत होती. तिनं नीट पाहिलं तर दोनच नव्हत्या. खालून आणखी लाटा येत होत्या, मंद, जुनाट, एकीखाली एक. ती मोजायला लागली आणि मग तिनं मोजणं सोडून दिलं.

७

ठरलेल्या सकाळी नवरा अण्णांना घेऊन आला. त्यांना गाडीतून उतरवायलाच इतका वेळ लागला की त्याचाही चेहरा पडला होता. "आज जरा जास्तच शांत आहेत," तो म्हणाला. पहिल्यांदाच त्याच्या आवाजात भीती होती. नियमात बसत नव्हतं, तरी तिनं त्याला काचेमागे आपल्याजवळ बसवून घेतलं.

अण्णा आत गेले. डोक्याभोवतीची जाळी बसली, बेड बोगद्यात सरकला, पांढरे मोजे तेवढे बाहेर राहिले. तिनं मशीन सुरू केलं. रेघ सरळ.

तिनं माईकचं बटण दाबलं. आणि या खोलीत आजवर कुणाला म्हटलं नव्हतं ते म्हणाली.

"अण्णा, हला."

रेघ सरळच.

"अण्णा, ऐकताय ना? हला. चाक तिथेच आहे, हात लावून बघा. टाच मारा. मारा टाच!"

"बघतो," स्पीकरमधून आवाज आला. लांबून आला. "इथं अंधारात बरीच आहेत गं."

"तुमचं असेल ते घ्या."

"सगळी सारखीच लागतात हाताला."

नवऱ्यानं तिचा दंड धरला. "काय बरीच आहेत? काय बोलताहेत ते?" ती उत्तर देणार, तोच रेघ उसळली. खाली गेली, पुन्हा उसळली, आणि पडदाभर हिरवे डोंगर उठले. स्पीकरमधून टक टक टक ऐकू यायला लागलं. नवरा ताडकन उभा राहिला.

"टाच! अगं, टाच वाजतेय त्यांची!"

तो आवाज ऐकत होता. ती मोज्यांकडे बघत होती. मोजे जागचे हलले नव्हते.

मग पडद्यावर चित्र उमटलं. डोकं हललं की चित्रात एका डोक्याच्या चार कडा दिसतात, एकीशेजारी एक सरकलेल्या. फिसकटलेली अशी चित्रं तिनं ढिगानं टाकून दिली होती. पण त्या कडा एकाच डोक्याच्या असतात. या नव्हत्या. यातली एक लहान होती, एक रुंद, एकीची हनुवटी पुढे आलेली. सगळ्यांची नाकं छताकडे होती, तशी ती असायलाच हवीत, कारण त्या जाळीत मान वळतच नाही. फक्त अगदी मागच्या, पुसट कडेचं नाक बाजूला होतं. ते काचेकडे वळलेलं होतं.

तिनं मशीन बंद केलं.

८

बेड बाहेर आला तेव्हा अण्णांची छाती भात्यासारखी चालली होती. पाय हलत होते, बोटं हलत होती, पापण्या फडफडत होत्या. नवरा तिच्या आधी आत धावला. त्यानं जाळी काढली, पाठीखाली हात घालून त्यांना उठवून बसवलं आणि मोठमोठ्यानं हसायला लागला, हसता हसता रडायलाही लागला.

"हलताहेत! बघ ना, हलताहेत! अण्णा, घाबरवलंत हो तुम्ही!"

तिचाही बांध फुटायचाच बाकी होता. ती दोन पावलं पुढे झाली आणि तिथेच थांबली.

अण्णा बेडच्या कडेला पाय सोडून बसले होते. त्यांचे दोन्ही हात मानेमागे गेले. कित्येक वर्षांपासून टक्कल असलेल्या त्या डोक्यामागे हातांनी काहीतरी लांब, जड, असं गोळा केलं, पिळलं, सराईतपणे दोन वेढे देऊन वर बसवलं, आणि एका हातानं चापूनचोपून नीट केलं. अंबाडा घालणाऱ्या बाईचे हात ज्या सवयीनं फिरतात, तसे. मग त्या हातांनी समोरच्या माणसाला जवळ घेतलं.

नवऱ्यानं वडिलांच्या खांद्यावर डोकं टेकलं. पाठीवरून एक हात फिरत होता, वरून खाली, मग हलकेच थोपटून पुन्हा वर. झोप न येणाऱ्या तान्ह्या मुलाला थोपटावं तसा. अण्णा प्रेमळ होते, पण मुलाच्या पाठीवरून असा हात त्यांनी कधीच फिरवला नव्हता. शिंप्याचा हात, तो आला की खांद्याचं माप घेऊन परत जायचा.

"अण्णा," नवरा हुंदके देत म्हणाला, "लहानपणी कधी असं जवळ घेतलं नाहीत हो."

त्याच्या खांद्यावरून अण्णा तिच्याकडे बघत होते. डोळे त्यांचे होते, अगदी त्यांचेच. तिची चूक असली तरी तिला कधी न रागावणारे. ओठ हलले. मुलाला ऐकू जाऊ नये इतक्या हळू त्यांनी विचारलं, "सूनबाई, हे कुणाचे हात आहेत गं?"

तिनं तोंड उघडलं. सांगितलं तर त्यांना पुन्हा आत घालावं लागणार होतं, पुन्हा त्या अंधारात चाचपडायला, आणि या खेपेला ते बाहेर आलेच नसते. आणि नवरा इतक्या सुखात होता.

"तुमचेच, अण्णा," ती म्हणाली.

त्यांनी मान हलवली. विश्वास बसल्यासारखी नव्हे, समजूत काढून घेतल्यासारखी. तो हात मुलाच्या पाठीवरून फिरत राहिला. तिनं जाळी उचलून जागेवर ठेवली, बेडवरची चादर झटकली. मग ती त्या दोघांना घेऊन घरी जायला निघाली.